अंगण ओलांडताना

सिंदेवाहीकडून मूलच्या दिशेने निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल लागतं आणि मधूनमधून धानाच्या बांध्या. अशाच एका गावातलं हे घर. पुढे कवेलूंचं जुनं घर, मातीच्या दीड हात रुंद भिंतींचं. मधे अंगण, अंगणात कडुनिंब. पलीकडे अलीकडेच बांधलेली स्लॅबची खोली. पुढच्या घरात फायबरचं इंटरनेट आलं आहे. मागच्या खोलीत घरची सून ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं काम करते. तिच्याकडचा संगणक जुना, प्रिंटर त्याहून जुना. दोन्ही उत्तम चालतात, पण दोघांनाही फक्त लॅनची वायर जोडता येते. वाय-फाय त्यांच्यात नाही.

पुढच्या घरातलं इंटरनेट मागच्या खोलीतल्या या दोन यंत्रांपर्यंत न्यायचं कसं, यावर घरात दोन मतं आहेत. मामा वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं अहेरी, एटापल्ली, सिरोंचा या भागात गेली. भाची नेटवर्कची कामं करते, त्यासाठीच गडचिरोलीहून आली आहे. त्यांची नावं सांगत नाही, कारण अशी जोडी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या पुष्कळ घरांत भेटेल.

मामा: पोरी, यात एवढा विचार कशाचा? पुढच्या घरातून मागच्या खोलीपर्यंत वीस-बावीस मीटर भरेल. वायर ओढायची, दोन्ही टोकांना पिन लावायची, झालं काम.

भाची: अंतराची अडचण नाहीच, मामा. लॅनची तांब्याची वायर शंभर मीटरपर्यंत चालते.

मामा: मग काहून नको म्हणतेस?

भाची: ती उघड्यावरून जाणार म्हणून. पण आधी तुमचं ऐकते. तुम्हाला वायरच का हवी?

मामा: कारण ती दिसते. पावसाळ्यात रात्री लाइन गेली की आम्ही पहाटे पायी निघायचो, पोलमागून पोल बघत. जंगलातली लाइन ती. कुठे फांदी पडलेली, कुठे जंपर जळालेला, कुठे इन्सुलेटर फुटलेला. दोन तास लागोत की सहा, बिघाडाची खूण कुठेतरी सापडायचीच. सापडली की हातात पक्कड होतीच. आता तुझं वाय-फाय बंद पडलं तर मी बघू कुठे? हवेत? तू गडचिरोलीला, सून इथे, आणि तिच्यापुढे माणसं बसलेली. कोणाला जातीचा दाखला पाहिजे, कोणाला सातबारा, कोणाला धान विकायची नोंदणी, कोण्या म्हातारीचा निराधारचा अर्ज. टोल्यावरून पायी आलेल्या माणसाचा एक दिवस बुडाला तर त्याची मजुरी कोण भरून देणार?

भाची: हे तुम्ही बरोबर बोलता. मी काम करते तिथेही डबा बसवून लोक निघून जातात आणि मागे राहिलेल्याला त्यातलं काही माहीत नसतं. तो दोष हवेचा नाही, आमच्या कामाच्या पद्धतीचा आहे. त्यावर शेवटी बोलू. आधी कोणकोणत्या वाटा आहेत त्या तर पाहू.

मामा: सांग.

भाची: सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे यूएसबीची छोटी काडी. संगणकाच्या मागे खोचली की त्याला वाय-फाय मिळतं. पण संगणकाचा डबा लोखंडी, काडी त्याच्या पाठीमागे, त्यापलीकडे भिंत. सिग्नल तिथेच अर्धमेला होतो. आणि प्रिंटरला ती काडी चालतच नाही. दुसरी वाट रिपीटर. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा, तो सिग्नल पुढे ढकलतो. पण साध्या रिपीटरला एकच रेडिओ असतो. त्याच रेडिओने ऐकायचं आणि त्यानेच पुन्हा बोलायचं, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. तिसरी वाट मला पसंत आहे: ब्रिज. पुढच्या राउटरचा सिग्नल हवेतून घेणारा एक छोटा डबा. त्याला मागे लॅनची दोन-चार पोर्टं असतात. संगणक आणि प्रिंटर त्याला वायरीने जोडायचे. त्यांच्या लेखी ते वायरीवरच असतात, हवेतला प्रवास डबा करतो. घरात पडलेल्या जुन्या राउटरलाही हे काम देता येतं, त्यात तशी सोय असली तर.

मामा: बिनतारीला पूर्वी परवाना लागायचा. आमच्या लहानपणी रेडिओचासुद्धा परवाना पोस्टातून घ्यावा लागे. गडचिरोलीत तर बिनतारी म्हटलं की पोलीस ठाणंच आठवतं.

भाची: घरच्या वाय-फायला परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावर खुला झाला. मात्र किती ताकदीने प्रक्षेपण करायचं याला मर्यादा आहे.

मामा: दोन्हींत फरक काय?

भाची: लहरीच्या लांबीचा. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची, ५ ची साधारण सहा सेंटीमीटरची. लांब लहर भिंतीतून, पानांतून जरा बरी पार होते. आखूड लहरीच्या पट्ट्यात इंटरनेटचा वेग जास्त मिळतो, पण अडथळ्यापुढे ती लहर लवकर दमते. चंद्रपूर शहरात जटपुऱ्याच्या गल्लीत घराला घर लागून, प्रत्येकाचा राउटर. तिथे २.४ मध्ये गर्दी होते, कारण एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या त्यात तीनच मिळतात. इथे शेजारचं घर शंभर पावलांवर. हवा मोकळी आहे.

मामा: हवा मोकळी, पण भिंत? मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते. आणि कडुनिंब आहेच मधे.

भाची: तिथेच खरी परीक्षा आहे. पाणी या लहरी शोषून घेतं. ओली भिंत, भिजलेली पानं, दोन्ही वाईट. पत्रा तर लहर परतवूनच लावतो. म्हणून भिंतीशी भांडायचं नाही. पुढचा राउटर आज लोखंडी कपाटावर ठेवलाय, तो मागच्या पडवीच्या खिडकीत आणायचा. आपला ब्रिज मागच्या खोलीच्या खिडकीत. खिडकी खिडकीला दिसली पाहिजे, मधे झाडाचं खोड येता कामा नये. मग खिडकीपासून टेबलापर्यंत चार मीटर वायर.

मामा: म्हणजे शेवटी वायरच.

भाची: घरात वायर, अंगणात हवा.

मामा: हे तू गोड करून सांगतेस. मला एक सांग, डबा जोडला की लगेच चालू होतो का? की त्यातही काही गोम आहे?

भाची: गोम आहे, आणि बहुतेक लोक तिथेच अडकतात. जाळ्यातून माहिती छोट्या पाकिटांनी जाते. वाय-फायच्या पाकिटावर साधारण तीन पत्ते लिहायची सोय असते. हवेत पाकीट सोडणारा, हवेतून ते घेणारा, आणि शेवटचा मुक्काम. पाकीट मुळात लिहिणारा आणि ते हवेत सोडणारा एकच आहे, असं त्यात धरलेलं असतं. मोबाइलचं तसं असतंच. पण आपल्याकडे लिहिणारा प्रिंटर, आणि हवेत सोडणारा डबा. प्रिंटरचं नाव लिहायला जागाच नाही. पुढचा राउटर फक्त ज्याची नोंद झाली त्याचंच ऐकतो, आणि नोंद झालीय डब्याची.

मामा: एका मीटरवर तीन बिऱ्हाडं! बिल एकाच नावाने येणार. आत कोण किती जाळतं ते खात्याला ठाऊक नसतं.

भाची: अगदी तेच. म्हणून काही डबे मागच्या सगळ्यांचा व्यवहार स्वतःच्या नावावर करतात. संगणकावर साइट उघडते, अर्ज भरला जातो, सगळं ठीक वाटतं. मग पुढच्या घरातून कोणी मोबाइलवरून प्रिंट द्यायला जातं आणि प्रिंटर सापडतच नाही.

मामा: कसा सापडेल? भाडेकरूच्या नावाने कोणी विचारत आलं तर मीटरवर त्याचं नाव कुठे असतं!

भाची: यावर उपाय म्हणजे चौथा पत्ता. दोन्ही बाजूंचे डबे कबूल असतील तर पाकिटावर खऱ्या लिहिणाऱ्याचं नावही जातं. त्या सोयीला डब्ल्यूडीएस म्हणतात. ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या डब्यांत जुळेलच असं नाही, म्हणून दोन्ही डबे एकाच कंपनीचे घेतले तर त्रास कमी. आणि फार जुने डबे घ्यायचे नाहीत. त्यांतल्या काहींत ही जोडणी कमकुवत कुलपावरच चालते.

मामा: कुलूप महत्त्वाचं. लाइन उघडी दिसली की लोक आकडा टाकतात, हे मी जन्मभर पाहिलं. हवेतल्या लाइनवर आकडा टाकायला तर बांबूही लागत नाही.

भाची: म्हणून डब्ल्यूपीए-२ किंवा त्याच्या पुढचं कुलूप, आणि लांब पासवर्ड. इथे लोकांचे आधार क्रमांक, बँकेचे खाते क्रमांक या जोडणीवरून जातात. ते आपल्या भरवशावर दिलेले असतात.

मामा: ते मला पटलं. आता माझं ऐक. तुझा ब्रिज म्हणजे दोन ठिकाणी दोन डबे, दोन्हींना वीज. इथे लाइट जाते ते तुला माहीत आहे. दोन यंत्रांना दोन वायरी ओढल्या असत्या तर मागे डबा नसता, एवढी काळजी नसती.

भाची: हा मुद्दा तुमचा. एक डबा वाढला की बिघडणारी एक जागा वाढली. राउटर फार वीज खात नाहीत, बारा व्होल्टचा छोटा यूपीएस प्रत्येकाला लावता येतो. पण हो, ते दोन यूपीएस सांभाळावे लागतील.

मामा: आणि ऊन. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. स्लॅबखाली दुपारी काय होतं ते सुनेला विचार.

भाची: बहुतेक घरगुती राउटर चाळीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. म्हणून खिडकीत ठेवायचा, पण थेट उन्हात नाही, पत्र्याखाली तर मुळीच नाही. बंद खोक्यातही नाही. त्याला वारा लागला पाहिजे.

मामा: पाहा, किती पथ्यं झाली. वायरीला यातलं एकही नाही.

भाची: वायरीला एक पथ्य आहे, मामा, आणि ते मी तुम्हाला सांगावं इतकी मी मोठी नाही. पुढच्या घराची अर्थिंग कुठे आहे?

मामा: न्हाणीजवळ. जुनी आहे, पण मी दर उन्हाळ्यात पाणी टाकतो.

भाची: आणि मागच्या खोलीची?

मामा: तिची वेगळी. खोली बांधली तेव्हा नवा खड्डा केला.

भाची: मृगाच्या तोंडावर समोरच्या बांधीत वीज पडली, तर दोन्ही खड्ड्यांतलं व्होल्टेज सारखं राहील का?

(मामा थोडा वेळ गप्प बसले.)

मामा: नाही राहणार. पडल्या जागेजवळचा खड्डा चढेल, लांबचा कमी चढेल. दोन टोकांत फरक पडेल.

भाची: आणि त्या दोन टोकांमध्ये आपण तांब्याची वायर ओढलेली असेल.

मामा: तर तो फरक वायरीतून वाहील. एका टोकाला राउटर, दुसऱ्या टोकाला संगणक. दोन्ही जातील.

भाची: लॅनच्या पोर्टात एक बारीक ट्रान्सफॉर्मर असतो. थोडाफार फरक तो अडवतो. जवळच्या विजेपुढे त्याचं काही चालत नाही. शिवाय अंगणावरून गेलेल्या उघड्या वायरीत, वीज थेट तिच्यावर न पडताही झटका येऊ शकतो.

मामा: ते मला नको शिकवू. लाइन बंद असतानाही आम्ही अर्थ केल्याशिवाय हात लावत नव्हतो, ते याच कारणाने. दूरच्या विजेनेही मेलेली लाइन जिवंत होते.

भाची: म्हणून अंगण हवेने ओलांडायचं. हवेतून झटका पोर्टापर्यंत येत नाही. दोन्ही इमारतींचं लॅनचं तांबं एकमेकांना शिवतच नाही. पुढच्या घरात येतं ते फायबरही काचेचं, त्यातून वीज वाहत नाही.

मामा: मग काचच पुढे ने की! अंगणातून फायबर टाक. वायर म्हणून दिसेल, आणि विजेची भीती नाही.

भाची: अंतर मोठं असतं, काम जड असतं, दवाखाना किंवा शाळा असती, तर मी तेच सुचवलं असतं. पण दोन्ही टोकांना फायबरचं लॅनमध्ये रूपांतर करणारा डबा लागतो, म्हणजे डबे वाढलेच. आणि ती तुटली तर?

मामा: तर पक्कड चालणार नाही.

भाची: जोडायला वेगळं यंत्र आणि ते चालवणारा माणूस लागतो. खारीने कुरतडली किंवा कोणाची कुदळ लागली, तर तो माणूस कोणत्या गावाहून, किती दिवसांनी येईल, ते तुम्हीच सांगा.

मामा: म्हणजे वायर असूनही ती माझ्या हातातली राहत नाही. हं. मी मघाशी म्हणालो, वायर दिसते म्हणून पाहिजे. पण दिसणं आणि दुरुस्त करता येणं या दोन गोष्टी आहेत तर.

भाची: आणि मला वाटत होतं, सिग्नल पोचला की काम झालं. पोचणं आणि टिकणं याही दोन गोष्टी आहेत.

मामा: तरी मूळची तारच. आधी तार, मग बिनतार. आमच्याकडे निरोपालाच तार म्हणायचे. २०१३ साली ती तार बंद झाली तेव्हा मला वाईट वाटलं होतं.

भाची: नेटवर्कच्या बाबतीत मात्र उलटं झालंय, मामा. १९७१ मध्ये हवाई बेटांवर तिथल्या विद्यापीठाने रेडिओवर चालणारं संगणकांचं जाळं उभं केलं, अलोहानेट. बेटांमधे समुद्र, म्हणून हवेतून बोलायचं. सगळे एकाच वाहिनीवर बोलणार, दोघांचं बोलणं आदळलं तर थोडं थांबून पुन्हा बोलायचं. रॉबर्ट मेटकाफने त्याचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात तीच रीत एका केबलवर आणली. त्यात त्याने भर घातली: बोलण्याआधी ऐका, वाट मोकळी असेल तरच बोला. ते झालं इथरनेट, म्हणजे या लॅनच्या वायरीचं मूळ. नावातला इथर म्हणजे प्रकाश ज्यातून वाहतो असं पूर्वी मानत ते आकाशतत्त्व. पुढे १९९७ मध्ये वाय-फायचं पहिलं मानक आलं, तेव्हा त्यानेही आधी ऐकून मग बोलायची रीत घेतली.

मामा: बेटं. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की तेही बेटच होतं. मी तिकडे असताना पूर उतरेपर्यंत पलीकडे जाता येत नसे. लाइन पडलेली दिसायची, पण हात पोचायचा नाही. त्या वेळी पाण्यापलीकडचा निरोप आला तो बिनतारीवरच.

भाची: तेच तर म्हणते. आपलं अंगण छोटं आहे, पण मृगापासून पुढे ते विजेचं पात्र असतं. ते हवेने ओलांडू.

मामा: ओलांड. पण माझ्या दोन अटी. पहिली: खोलीच्या आत एकही गोष्ट हवेत नको. खिडकीतल्या डब्यापासून संगणक आणि प्रिंटर, दोन्हींना वायर. ती भिंतीला पट्टीत बसवायची, जमिनीवर लोळवायची नाही.

भाची: मान्य. मलाही तेच हवं होतं.

मामा: दुसरी अट मोठी आहे. आम्ही प्रत्येक पोलवर रंगाने नंबर टाकायचो. सबस्टेशनच्या भिंतीवर सिंगल लाइन डायग्राम असायचा. रात्री दोन वाजता नवा माणूस ड्यूटीवर आला तरी त्याला कळायचं, कोणता स्विच कशाचा. तुझी लाइन दिसत नाही ना? मग तिचा नकाशा दिसला पाहिजे.

भाची: काढते. पुढचा राउटर, मागचा ब्रिज, दोन वायरी, कोणती कोणाची. पुढच्याचा पत्ता १९२.१६८.१.१, मागच्याला १९२.१६८.१.२ देते. दोन्हींचा एकच राहिला तर गोंधळ होतो.

मामा: एकाच नंबरचे दोन पोल.

भाची: हो. आणि पत्ते वाटायचं काम फक्त पुढच्या राउटरने करायचं, मागच्याचं ते बंद ठेवायचं. हेही कागदावर लिहिते. कोणता दिवा हिरवा असला म्हणजे काय, लाल झाला म्हणजे काय. बंद पडलं तर आधी कुठे बघायचं, मग कुठे. आणि मराठीत लिहिते.

मामा: पासवर्ड कागदावर नको. तो पाकिटात घालून कपाटात. भिंतीवर पासवर्ड म्हणजे आकड्याला आमंत्रण.

बोलणं इथे थांबलं आणि काम सुरू झालं.

गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. त्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग जंगलाखाली आहे. जंगल, नद्या आणि दूरदूरचे टोले यांमुळे इथे प्रत्येक सोय उशिरा येते, मग ती वीज असो की रस्ता. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळालं. त्या शेकडो किलोमीटरच्या केबलचा विचार सरकार करतं, कंपन्या करतात. शेवटच्या वीस मीटरचा विचार मात्र घरालाच करावा लागतो. ते वीस मीटर पार झाले नाहीत तर आधीच्या शेकडो किलोमीटरचा त्या खोलीला काही उपयोग नाही. आणि ते पार करण्यासाठी चालू स्थितीतला संगणक, प्रिंटर भंगारात काढायची गरज नसते. जुन्या यंत्राला नव्या जाळ्यात घेणारा दुवा स्वस्त आहे. महाग आहे ती त्या दुव्याची समज, आणि ती समज दुकानातून डब्याबरोबर मिळत नाही. जोडणाऱ्याने ती मागे ठेवून जायची असते. तसं केलं नाही, तर गावाच्या हाती फक्त डबा उरतो.

संध्याकाळी दोन्ही खिडक्यांत डबे लागले. भाचीने मोबाइल घेऊन दोन्ही खिडक्यांपाशी आणि टेबलापाशी सिग्नल तपासला, मागचा डबा हातभर डावीकडे सरकवला, पुन्हा तपासला. कागद टेबलासमोरच्या भिंतीवर लागला. सगळं चालू झाल्यावर मामांनी सुनेला बाहेर थांबायला सांगितलं. आत जाऊन एक पिन काढली आणि बाहेर आले.

मामा: जा आता. काय गेलंय ते शोध. आणि तू, पोरी, एक शब्द बोलायचा नाही.

सून आत गेली. तिने भिंतीवरचा कागद पहिल्या ओळीपासून वाचला. पुढच्या घरात जाऊन राउटरचे दिवे पाहिले, सगळे हिरवे होते. अंगण ओलांडून परत आली, खिडकीतल्या डब्याचे दिवे पाहिले. दुसऱ्या पोर्टाचा दिवा विझलेला. नकाशात दुसरं पोर्ट प्रिंटरचं. ती खाली वाकली, टेबलामागची सुटलेली पिन हातात घेतली आणि क्लिप वाजेपर्यंत आत दाबली. दिवा लागला. दुपारपासून ओसरीवर एक म्हातारी बसून होती. सुनेने तिला आत बोलावलं आणि अर्जाचं पहिलं पान छापायला दिलं.